रुळांच्या जागी इलेक्ट्रिक बस: छोट्या रेल्वेमार्गाचा हिशेब कसा वाचायचा

चाळीस किलोमीटरचा एकेरी मार्ग. दहा-बारा स्थानकं, त्यातल्या निम्म्यांवर कर्मचारीच नाही. डिझेलवर चालणारी दोन डब्यांची गाडी सकाळी शाळा-कॉलेजच्या मुलांनी खच्चून भरून जंक्शनला जाते आणि दुपारी सात-आठ माणसं घेऊन परत येते. दिवसाला पाच फेऱ्या. असे मार्ग जगात जिथे जिथे उरलेत, तिथे कधी ना कधी तीच बातमी येते: मार्ग तोट्यात आहे, तो बंद होणार आणि त्याच्या जागी इलेक्ट्रिक बस सुरू होणार.

बातमी आली की दोन तट पडतात. एका बाजूला वाटतं, पिढ्यान्‌पिढ्यांची गाडी हिरावून घेतली जातेय. दुसरी बाजू म्हणते, बस नवीकोरी आहे, धूर नाही, खडखडाट नाही, दवाखान्याच्या दारापर्यंत येणार. मग तक्रार कसली? अशा बऱ्याच मार्गांचा इतिहास वाचून माझं मत असं झालं आहे की भांडण भलत्याच गोष्टीवर होतं. चाकाखाली रूळ आहेत की डांबर, पोटात डिझेल आहे की बॅटरी, यापेक्षा मोठा प्रश्न असा: ही सेवा किती फेऱ्यांची, किती वर्षांची आणि कोणाच्या सहीनं मिळणार? तिथवर पोचायला आधी पैशांचं गणित बघू, मग विजेचं.

गाडी धावो न धावो, मार्ग सांभाळावाच लागतो

रेल्वेचा खर्च समजून घ्यायचा तर गाडी घटकाभर बाजूला ठेवा आणि नुसत्या मार्गाकडे बघा. खडी खचते, ती पुन्हा ठोकून बसवावी लागते. स्लीपर बदलावे लागतात. पुराच्या पाण्यानं पुलाच्या पायाखालची माती जाते, बोगद्यात पाणी झिरपतं, कटिंगच्या कडेची दरड सुटते, भरावावर झाडं माजतात. शिवाय सिग्नल, फाटकं, मार्गावरची गस्त. यातलं जवळजवळ काहीच गाडीत किती माणसं बसली यावर अवलंबून नसतं. दिवसाला एकच गाडी जाणार असली तरी पूल भक्कमच लागतो.

म्हणजे रेल्वेत ठरलेला खर्च अवाढव्य आणि वाढीव खर्च किरकोळ. मार्ग सांभाळायचाच आहे असं एकदा ठरलं की आणखी एक डबा जोडून आणखी शंभर माणसं नेणं स्वस्त पडतं. गर्दी असेल तर याच्याइतकं किफायतशीर दुसरं काही नाही. गर्दी नसेल तर तोच बोजा मूठभर प्रवाशांवर विभागला जातो आणि एकेका तिकिटामागचा तोटा डोळे पांढरे करतो.

हे मोजायला एक सोपा आकडा वापरतात: वाहतूक घनता. मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरवरून दिवसाला सरासरी किती प्रवासी जातात, ती संख्या. समजा आपल्या ४० किलोमीटरच्या मार्गावर रोज ५०० जण प्रवास करतात आणि प्रत्येकजण सरासरी १६ किलोमीटर जातो. एकूण झाले ८,००० प्रवासी-किलोमीटर. त्याला ४० नं भागलं की घनता येते २००. तिकिटं पाचशे विकली गेली, पण मार्गाच्या कुठल्याही एका ठिकाणी उभं राहिलात तर दिवसभरात सरासरी दोनशेच माणसं समोरून जातील.

जपाननं १९८० साली याच आकड्यावर कायदा केला. घनता ४,००० च्या खाली असलेले सरकारी रेल्वेचे छोटे मार्ग वेगळे काढायचे असं ठरलं. काही सवलती आणि अपवाद धरून ८३ मार्ग यादीत आले. त्यातल्या ४५ मार्गांच्या जागी बस आली आणि उरलेले ३८ स्थानिक किंवा खासगी कंपन्यांनी रेल्वे म्हणूनच चालू ठेवले. हे प्रमाण मला फार बोलकं वाटतं. यादी एक होती, निकष एक होता, तरी जवळजवळ निम्म्या ठिकाणच्या लोकांनी आणि स्थानिक सरकारांनी रूळ राखायचे ठरवले. आकडा चर्चेला बसवतो. पुढचा निर्णय माणसांचा असतो. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी समितीनं अशा चर्चेसाठी घनतेची रेषा १,००० च्या आसपास आणली.

ब्रिटनमधली छाटणी याहून मोठी होती. तिथल्या रेल्वे मंडळाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल मार्च १९६३ मध्ये आला. एकूण मार्गलांबीच्या एक तृतीयांश भागावर प्रवासी वाहतुकीचा जेमतेम एक टक्का वाटा आहे, असं त्यांनी दाखवून दिलं आणि २,३६३ स्थानकं, सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस केली. सगळी शिफारस अमलात आली नाही, पण बहुतेक आली. त्या बंद मार्गांच्या जागी ज्या बस आल्या त्यांचं काय झालं, ते पुढे सांगतो, कारण या लेखाचं मर्म तिथे आहे.

बसचा खर्च उलट्या स्वभावाचा

बसला रस्ता आयता मिळतो. तिथून ट्रक, मोटारी, दुचाक्या जातच असतात; रस्त्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो आणि बस कंपनीच्या वहीत तो दिसतच नाही. रेल्वेच्या वहीत मात्र रुळांची पै-पै लिहिलेली असते. दोन वह्या शेजारी ठेवून 'बघा, बस किती स्वस्त' म्हणणं मला अर्धवट वाटतं. रस्त्याची झीज वाहनाच्या धुरीवरच्या, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या ॲक्सलवरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढते, हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून पुढे आलं. धुरीवरचं वजन दुप्पट झालं तर झीज सोळा पट. दहा टनांची एक धुरी एक टनाच्या धुरीच्या दहा हजार पट झीज करते. बॅटरी वाहणारी बस डिझेल बसपेक्षा जड असते, तेव्हा अरुंद ग्रामीण रस्त्यावर तिचा भार जाणवणारच. तो खर्च कोणी तरी भरतं, बहुधा स्थानिक बांधकाम खातं. अर्थात दुसरी बाजूही खरी आहे: रेल्वे राहिली तरी तो रस्ता दुरुस्त करावाच लागणार होता, तेव्हा त्याचा अख्खा खर्च बसच्या माथी मारणंही चूक. बसमुळे रस्त्याचा खर्च किती वाढेल एवढाच आकडा मागावा.

बसचा खरा खर्च असतो माणसाचा. प्रत्येक फेरीला एक चालक आणि त्याचे तास लागतात. फेऱ्या दुप्पट केल्या की चालकांचा पगारही जवळपास दुप्पट होतो. दुपारच्या सात-आठ प्रवाशांसाठी ही रचना उत्तम आहे, कारण छोटी बस आणि एक चालक एवढ्यात काम भागतं. कसोटी लागते सकाळी.

समजा शाळेच्या वेळेला दोन डब्यांच्या गाडीतून १८० मुलं जातात, काही उभी, काही दप्तरावर बसलेली. गाडीला चालक एक. तीच मुलं बसनं न्यायची तर एका बसमध्ये उभे धरून फार तर साठ. म्हणजे तीन बस, तीन चालक, एकाच वेळी. घाटरस्त्यावर उभ्यानं न्यायची परवानगी नसेल तर चार किंवा पाच. ही वाहनं आणि ही माणसं सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर लागतात. मधल्या वेळेत बस आगारात उभी राहते आणि चालकाला सकाळी तीन तास, मग लांबलचक खंड, मग पुन्हा संध्याकाळी तीन तास, अशी तुटक पाळी करावी लागते. अशी पाळी करायला माणसं सहज मिळत नाहीत. दिवसभराची सरासरी दाखवून 'एवढ्याला दोन बस पुरेत' असं सांगणारा प्रस्ताव हातात पडला तर सकाळच्या त्या एका तासाचं पान आधी उघडावं. मुलांचे हाल त्या पानावर ठरतात.

चालकांचा तुटवडा किती गंभीर होऊ शकतो याचं ताजं उदाहरण जपानच्या होक्काइदो बेटावरचं आहे. शिनकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, साप्पोरो शहरापर्यंत गेल्यावर ओशामांबे ते ओतारू हा सुमारे १४० किलोमीटरचा जुना डोंगरी मार्ग बंद करून बस चालवायची, असं २०२२ मध्ये मार्गावरच्या गावांनी मान्य केलं. त्यातल्या योइची ते ओतारू या टप्प्याची घनता दोन हजारांच्या आसपास होती, म्हणजे बससाठी कमी नव्हे तर भरपूर गर्दी. पुढे बस कंपन्यांशी बोलणी सुरू झाली तेव्हा एवढे चालक आणायचे कुठून, यावरच गाडं अडलं. त्यातच एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये वाहनचालकांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा लागू झाली. चालकांच्या आरोग्यासाठी ती हवीच होती, पण तेवढ्याच फेऱ्यांना आता जास्त माणसं लागतात.

विजेचं गणित, कागद-पेन्सिल घेऊन

आता 'इलेक्ट्रिक' या शब्दाकडे येऊ. फायदा खरा आहे, आधी तो सांगतो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते आणि ते जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोठी डिझेल बस शंभर किलोमीटरला ३० ते ४० लिटर पिते, म्हणजे किलोमीटरला ३ ते ४ युनिट. तेवढीच इलेक्ट्रिक बस किलोमीटरला १ ते १.५ युनिटमध्ये भागवते, कारण इंजिनातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि मोटरमधली फार थोडी. वीज कोळशाची असेल तर फायदा घटतो, जलविद्युत किंवा पवनऊर्जेची असेल तर वाढतो. हे सगळं मोठ्या प्रमाणावर जमतं हेही सिद्ध झालं आहे: चीनमधल्या शेनझेन शहरानं २०१७ च्या अखेरीपर्यंत आपल्या सोळा हजारांहून जास्त बस विजेवर आणल्या.

पण शेनझेन हे दाट शहर आहे. तिथे आगार सहसा फार लांब नसतं. ग्रामीण मार्गाचं तसं नाही. आपलाच ४० किलोमीटरचा मार्ग घ्या. जाऊन-येऊन ८० किलोमीटर. बसमध्ये ३०० युनिटची बॅटरी आहे असं धरू. बॅटरी पूर्ण रिकामी करत नाहीत, तिचं आयुष्य कमी होतं. शिवाय वर्षांनुवर्षं वापरल्यावर तिची क्षमता घटते. तेव्हा हाताशी ८० टक्के, म्हणजे २४० युनिट. चांगल्या हवामानात किलोमीटरला १.२ युनिट लागले तर बस २०० किलोमीटर जाईल: अडीच फेऱ्या. कडाक्याच्या थंडीत आतली हवा तापवायलाही बॅटरीच वापरावी लागते, खर्च १.६ वर गेला तर १५० किलोमीटर, म्हणजे दोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. जाहिरातीतलं अंतर उन्हाळ्यातलं आणि सपाटीवरचं असतं. वेळापत्रक मात्र वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसासाठी आखावं लागतं.

चढ-उताराचं गणित त्यातल्या त्यात दिलासा देणारं आहे. पंधरा टनांची बस ३०० मीटर उंच चढली की उंची गाठायलाच सुमारे १२ युनिट लागतात. उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. डिझेल बसमध्ये तो ब्रेक तापवण्यात जातो. यात एक बारीक मेख आहे. आगार डोंगरमाथ्यावर असेल आणि बस रात्रभर चार्ज होऊन पूर्ण भरलेल्या बॅटरीनिशी सकाळी उतरायला लागली, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. म्हणून तिथे बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवून निघावं लागतं. असल्या गोष्टी प्रस्तावाच्या चकचकीत चित्रांत नसतात, त्या मार्गाचा उभा छेद बघून कळतात.

मग दुपारी चार्जिंग कसं करायचं? शेवटच्या स्थानकावर बस वीस मिनिटं थांबते आणि तिथे १५० किलोवॅटचा चार्जर आहे असं धरलं, तर ५० युनिट भरतात: थंडीत तीसेक किलोमीटरची सोय. पण चार बस एकाच वेळी अशा लावल्या तर मागणी ६०० किलोवॅट होते, आणि लहान गावाच्या वीजवाहिनीला ती झेपेलच असं नाही. नवं रोहित्र, नवी वाहिनी, वीज कंपनीचं मागणी शुल्क हे सगळं मग हिशेबात येतं. त्याच चार बस रात्री सहा तासांत सावकाश भरल्या तर प्रत्येकीला ४० किलोवॅट, एकूण १६० किलोवॅट पुरतात. म्हणून ग्रामीण मार्गावर रात्री सावकाश भरणं आणि एखादी बस जादा ठेवणं हेच बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं. त्या जादा बसची किंमत मात्र पहिल्याच अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.

बसला जे जमतं, आणि जे जमत नाही

रेल्वे स्थानक पुष्कळदा गावापासून दूर असतं, कारण रूळ टाकणाऱ्यांनी चढ टाळून सपाट वाट शोधलेली असते. बसला वळणं चालतात. जपानच्या क्यूशू बेटावर जुलै २०१७ च्या अतिवृष्टीत हिताहिकोसान मार्गाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तो रेल्वे म्हणून पुन्हा न बांधता ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे बस सुरू झाली, त्यातल्या काही विजेवरच्या छोट्या बस. सोएदा ते हिता या सुमारे ४० किलोमीटरवर रेल्वेची १२ स्थानकं होती. बसला ३६ थांबे मिळाले, शाळा आणि दवाखान्यांच्या जवळ. काठी टेकत चालणाऱ्या माणसासाठी थांबा दारापासून दोनशे मीटरवर येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

याच मार्गात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मधल्या सुमारे १४ किलोमीटरवर रूळ काढून, भराव आणि बोगद्यांतून डांबरी वाट केली आणि ती फक्त बससाठी राखली. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्याच केसेन्नुमा मार्गावर २०१२ पासून हाच प्रयोग झाला होता. स्वतःची वाट असली की बस वाहतूक कोंडीत अडकत नाही आणि वेळ पाळते. मर्यादाही आहे: एकेरी रुळांच्या भरावावर दोन बस समोरासमोर आल्या तर जागा नसते. त्यामुळे ठरावीक ठिकाणी बाजूला होण्याची जागा, सिग्नल, बोगद्यात एकेरी वाहतूक, हे सगळं आलंच. थोडक्यात, पूल आणि बोगदे सांभाळायचा रेल्वेचा जुना खर्च काही अंशी परत मागच्या दारानं येतो. ब्रिटनमध्ये केंब्रिज ते सेंट आयव्ह्‌ज या बंद रेल्वेच्या जागी काँक्रीटच्या कठड्यांमधून बस स्वतःच दिशा धरते अशी बसवाट केली. ती दोन वर्षांहून जास्त उशिरानं, ऑगस्ट २०११ मध्ये सुरू झाली आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. आज ती चांगली चालते, पण तिथे एका टोकाला मोठं विद्यापीठाचं शहर आहे.

आणि बसला न जमणारं? वेग, बहुतेक ठिकाणी. लहान मुलाची बाबागाडी, सायकल, चाकाची खुर्ची या तिन्ही एकाच वेळी आल्या तर बसमध्ये जागा नसते. दीड तासाच्या प्रवासात स्वच्छतागृह नसणं वयस्कर माणसाला घरीच बसवतं. शिवाय युरोपातले वाहतूक-अभ्यासक ज्याला रेल्वेचा बोनस म्हणतात तो परिणाम असतो: वेळ आणि भाडं सारखं ठेवलं तरी रुळांवरच्या गाडीकडे लोक जास्त वळतात. रूळ नकाशावर ठळक दिसतात, गाडी उद्याही येईल असा भरवसा वाटतो. जर्मनीत ब्योब्लिंगेन ते डेट्टेनहाउझेन या १७ किलोमीटरच्या मार्गावर जवळपास तीस वर्षं प्रवासी गाडी बंद होती, लोक बसनं जात. १९९६ मध्ये गाडी पुन्हा सुरू केली आणि पहिल्याच काळात प्रवासी अपेक्षेच्या बरेच पुढे गेले. पुढे त्या मार्गाचं विद्युतीकरणही झालं.

म्हणून 'डिझेलची जुनी गाडी की विजेची नवी बस' ही निवडच मला कधी कधी अपुरी वाटते. विजेवर गाडीही चालू शकते, तारा न टाकता. कारासुयामा हा जपानमधला २०.४ किलोमीटरचा मार्ग २०१४ पासून बॅटरीवरच्या रेल्वेगाड्या वापरतो. शेवटच्या स्थानकावर थोडीशीच तार आहे, गाडी थांबल्या थांबल्या तिच्यावरून चार्ज होते. जपानच्याच तोयामा शहरानं एक मरगळलेला मार्ग २००६ मध्ये ७.६ किलोमीटरच्या, ट्रामसारख्या हलक्या रेल्वेत बदलला. अर्ध्या-एक तासानं येणारी गाडी पंधरा मिनिटांवर आणली आणि कामाच्या दिवसांतले प्रवासी दुपटीहून जास्त झाले. घनता २०० असलेल्या प्रत्येक मार्गाला हे परवडेल असं मी म्हणत नाही. पण तुलना करायचीच तर सुधारलेल्या बसची सुधारलेल्या रेल्वेशी करावी. वीस वर्षं दुर्लक्षित ठेवलेल्या रेल्वेशी नवीकोरी बस तोलणं प्रामाणिक नाही. प्रवासी कमी का झाले हेही विचारायला हवं. अनेकदा आधी फेऱ्या कमी होतात, मग लोक दुसरी सोय बघतात, मग 'लोक येत नाहीत' म्हणून उरलेल्या फेऱ्या जातात.

बस टिकते किती वर्षं

आता ब्रिटनकडे परत. बंद झालेल्या मार्गांच्या जागी ज्या बस दिल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी गाडीपेक्षा संथ होत्या. काही तर बंद पडलेल्या स्थानकांमध्येच फिरायच्या, म्हणजे गावात शिरण्याचा बसचा हुकमी फायदाही घेतला नाही. प्रवासी आले नाहीत आणि त्यातल्या बऱ्याचशा काही वर्षांतच गुपचूप बंद झाल्या. गाडी जाताना सभा झाल्या, निवेदनं दिली गेली. बस जाताना नोटीस लागली, बस्स.

याचं कारण वस्तूंच्या आयुष्यात आहे. रेल्वेचा डबा तीस-चाळीस वर्षं चालतो, पूल त्याहून कितीतरी जास्त. रेल्वे बंद करायला बहुतेक देशांत कायद्याची लांब वाट असते: सूचना, सुनावणी, परवानगी. बस बारा-पंधरा वर्षांत जुनी होते, बॅटरी बहुधा त्याआधी बदलावी लागते, आणि कंत्राटं त्याहून लहान मुदतीची असतात. मुदत संपली की प्रत्येक वेळी 'पुढे चालवायची का' हा प्रश्न नव्यानं उभा राहतो. इलेक्ट्रिक बसच्या पहिल्या खरेदीला अनुदान मिळतं; दहाव्या वर्षीच्या बॅटरीला कोण पैसे देणार, हे फार कमी प्रस्तावांत लिहिलेलं असतं.

याच्या उलट वाट युबारी या होक्काइदोतल्या छोट्या शहरानं धरली. तिथले तेव्हाचे महापौर सुझुकी नाओमिची यांनी २०१६ मध्ये रेल्वे कंपनीनं बंदीचा प्रस्ताव आणण्याची वाट न बघता स्वतःहून बोलणी सुरू केली. मार्ग १६.१ किलोमीटरचा होता, प्रवासी फारच थोडे उरले होते. बंदीला संमती देताना त्यांनी बदल्यात पुढच्या वाहतुकीसाठी सुमारे ७५ कोटी येन मिळवले. ३१ मार्च २०१९ ला शेवटची गाडी गेली आणि दिवसाच्या पाच जाऊन-येऊन फेऱ्यांच्या जागी बसच्या दहा सुरू झाल्या. शहरानं मध्यवर्ती ठिकाणी वाचनालय आणि प्रतीक्षागृह असलेली इमारत बांधली, म्हणजे थंडीत उघड्यावर उभं राहायला नको. रूळ गेल्याचं दुःख तिथेही झालंच. पण हातात काही असताना सौदा केला, म्हणून बदल्यात ठोस काही मिळालं.

जमिनीचंही तसंच. रूळ काढले तरी पट्टा सलग राहिला तर उद्या पर्याय उरतो. तुकडे पाडून विकला की परत येणं भयंकर महाग होतं. एडिंबरापासून दक्षिणेला जाणारा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. त्याचा सुमारे ४८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि पहिल्या वर्षातच तिथे दहा लाखांहून जास्त प्रवास झाले. पण मधल्या काळात जुन्या वाटेवर रस्ते आणि घरं आली होती, त्यामुळे कुठे वाट बदलावी लागली तर कुठे बांधकामं पाडावी लागली. अमेरिकेनं १९८३ मध्ये यावर कायदेशीर तोडगा काढला: बंद मार्गाचा पट्टा पायवाट किंवा सायकलवाट म्हणून वापरायचा, पण तो भविष्यातल्या रेल्वेसाठी अखंड राखायचा. बस आणणाऱ्या प्रत्येक करारात अशी अट असावी असं मला ठामपणे वाटतं. तिचा खर्च नगण्य आहे.

एवढं सगळं असूनही, मी बसच्या विरोधात नाही. घनता शे-दोनशेवर आली असेल, पूल मोडकळीला आले असतील आणि बदल्यात दुप्पट फेऱ्या, जवळचे थांबे, लांब मुदतीचा लेखी करार मिळत असेल, तर बस गावाचं भलं करू शकते. मात्र करार हाती आला की त्यात सर्वांत आधी मी एक छोटी ओळ शोधेन: जोडणीची. रेल्वेत मुख्य मार्गावरची गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर नियंत्रण कक्ष छोट्या गाडीला थांबवून ठेवू शकतो, कारण दोन्ही एकाच छताखाली असतात आणि तिकीटही एकच असतं. बस वेगळ्या कंपनीची, चालकाच्या पाळीचे तास मोजलेले, मुख्य गाडी उशिरा आहे हे त्याला कळवायची व्यवस्थाच नसेल तर तो वेळेवर निघून जाईल आणि त्याची त्यात काही चूक नसेल. म्हणून शेवटची बस किती मिनिटं थांबेल, तिला उशिराची खबर कोण देईल, थांबता आलं नाही तर रात्री अकराला जंक्शनवर उतरलेल्या माणसाला घरी कोण पोचवेल, आणि मुख्य गाडीचं तिकीट त्या बसमध्ये चालेल का, ही चार उत्तरं नावानिशी लिहिलेली हवीत.